भिंतीकडे तोंड

"वर्णन नको, प्रतिसाद हवा," चिटणीस मॅडम म्हणाल्या आणि आम्ही चौदा जणांनी वह्या उघडल्या.

समोर जमिनीवर मिठाचा ढीग होता. साधं जाडं मीठ, आमच्या पेणच्या मिठागरांत पिकतं तसलं. ढिगात एक लोखंडी खुर्ची अर्धी पुरलेली. भिंतीवरच्या पाटीवर कलाकाराचं नाव होतं आणि त्याखाली साहित्य म्हणून 'मीठ, खुर्ची, काळ' असं लिहिलं होतं. काळ कुठल्या दुकानात मिळतो, असं मी शेजारच्या केतकी मोडकला हळूच विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

केतकीचे डोळे दर गुरुवारी भरून यायचे. गेल्या गुरुवारी गंजलेल्या पत्र्यासमोर भरले, त्याच्या आदल्या गुरुवारी एका चित्रफितीसमोर. त्या फितीत एक बाई दोन तास बटाटे सोलत होती. माझी आई रोज सोलते. तिच्यासमोर उभं राहून कोणी डोळे पुसल्याचं मला आठवत नाही.

ही दोन हजार दोन सालची गोष्ट. मी मुंबईत कला-इतिहासाच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि दर गुरुवारी मॅडम आम्हांला दक्षिण मुंबईतल्या एका संग्रहालयात नव्या कलेच्या दालनांतून फिरवायच्या. वर्षाअखेर प्रत्येकानं वीस प्रतिसादांची वही द्यायची. ज्याची वही उत्तम, त्याला संग्रहालयात एक वर्ष सहायक म्हणून घेणार होते. जागा एकच होती. ती मला मिळाली नाही तर जूनमध्ये मी पेणला परत जाणार आणि वडिलांच्या मूर्तींच्या कारखान्यात शाडू तुडवणार, हे घरी ठरूनच गेलं होतं. ती जागा मला कलेसाठी नको होती. शाडू तुडवायचा नव्हता म्हणून हवी होती.

प्रतिसादाची पाककृती मला दुसऱ्याच आठवड्यात सापडली होती. पहिल्या वाक्यात आपण अस्वस्थ झालो असं लिहायचं. मग लहानपणची एखादी आठवण, खरी नसली तरी चालते. त्यावर 'पोकळी', 'मौन' आणि 'हरवलेपण' कोथिंबिरीसारखं भुरभुरायचं. शेवटी एक प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर द्यायचं नाही. मिठाच्या ढिगाकडे मी नीट बघितलंसुद्धा नाही. भिंतीला टेकून दीड पान लिहिलं. त्यात माझ्या आजोबांची रिकामी खुर्ची होती. आजोबा आयुष्यभर पाटावर बसले. मॅडमनी ते पान वर्गात वाचून दाखवलं. बोलाचीच कढी होती, पण मॅडमनी तिची वाटीभर तारीफ केली.

"नारकर, तुझ्या घरातच कला आहे ना? ते जाणवतं," त्या म्हणाल्या.

घरातच कला आहे, कारण पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी वडील 'शिल्पकार' आहेत असं सांगितलं होतं. खरं सांगायचं तर वडील वर्षाला सहाशे गणपती आणि दोनेकशे गौरीचे मुखवटे साच्यातून काढायचे. आमच्या वर्गातल्या कोणाच्या घरात गौर बसत असेल तर तिचं तोंड कोणीतरी बनवतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला ते सांगायचीही हौस नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

शेवटच्या गुरुवारी मॅडमनी आम्हांला नव्यानं उघडलेल्या दालनात नेलं. दार उघडलं आणि माझी पावलं थबकली.

दालनात माणसाच्या उंचीच्या लोखंडी सळ्या उभ्या केल्या होत्या, आठ आठच्या पाच रांगा. प्रत्येक सळीच्या टोकाला गौरीचा एक मुखवटा बसवलेला. शाडूचे, पांढऱ्या अस्तराचे, कोरे. ओठांना रंग नाही, भुवया नाहीत, आणि डोळ्यांच्या जागी नुसते गुळगुळीत उंचवटे. चाळीसही तोंडं दाराकडे वळलेली, येणाऱ्याच्या अंगावर आल्यासारखी. पाटीवर कलाकाराचं नाव होतं, अनाहिता बलसारा. कृतीचं नाव 'अनुपस्थिती'. त्याखाली बारीक अक्षरांत 'मुखवटे: अनाम स्थानिक कारागीर'.

अनाम कारागिराला मी चांगला ओळखत होतो. त्या मुखवट्यांच्या हनुवटीला डाव्या बाजूला एक खळी होती. माझ्या पणजोबांनी साचा केला तेव्हा त्यांच्या अंगठ्याचा दाब तिथे राहिला आणि तेव्हापासून आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक गौरीला तो आहे. पेणमध्ये आमच्या गौरी त्यावरूनच ओळखतात. दिवाळीत बाबा म्हणाले होते की मुंबईच्या एका पार्टीनं चाळीस कोरे मुखवटे नेले. "वेणूला बोलू नकोस," असंही म्हणाले होते.

वेणू म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परतली ती कारखान्यात डोळे काढायला बसली. आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात. साचा कोणीही भरतो, रंग कोणीही देतो, पण आखणीचा हात घराण्यात एखाद्यालाच असतो. बुबुळ तांदळाएवढं सरकलं तर गौर रागावलेली दिसते, किंवा झोपलेली. आत्या पहाटे आंघोळ करून, काही न खाता आखणीला बसायची आणि डोळा पुरा होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायची.

तिचा एक नियम होता. आखणी झाली नसेल तो मुखवटा फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. "तिला अजून दिसत नाही," ती म्हणायची, "मग आपण तिच्याकडे टक लावून बघत बसायचं हे बरं नाही. आंधळ्याच्या घरात चोरून शिरल्यासारखं आहे ते." लहानपणी मी एकदा चेष्टेनं एक कोरा मुखवटा माणसांकडे फिरवून ठेवला होता. आत्यानं मला मारलं नाही. पण त्या दिवशी तिनं मला जेवायला वाढलं नाही, आईनं वाढलं. पदवी मिळाल्यावर मला तो सगळा प्रकार अडाणीपणाचा वाटायला लागला होता.

"नारकर, काय वाटतंय?" मॅडमनी विचारलं.

"अस्वस्थ वाटतंय मॅडम," मी म्हणालो. एवढ्या आठवड्यांत पहिल्यांदाच खरं बोललो होतो, आणि वही मात्र कोरी राहिली. केतकी चष्मा पुसत होती.

वही शनिवारी दुपारी बारापर्यंत संग्रहालयातच द्यायची होती. एकोणीस प्रतिसाद तयार होते, विसावा याच दालनावर हवा, असं मॅडमनी सांगितलं होतं. शुक्रवारी रात्री वसतिगृहाच्या फोनवर आत्या आली.

"नंदू, उद्या ब्रशं घ्यायला येतेय. सकाळच्या गाडीनं."

वर्षातून दोनदा ती मशीद बंदरला बारीक ब्रश घ्यायला यायची. दुकानदार दहा डबे उघडायचा आणि ती एकेक ब्रश ओठांवर फिरवून निवडायची. मी म्हणालो की मला वेळ नाही, परीक्षेचं काम आहे.

"अरे, तू शिकतोस ते तरी बघू दे एकदा. दोन वर्षं झाली, मी कुणाला सांगू शकत नाही तू काय करतोस ते."

मी पटकन हिशेब केला. मॅडम बारा वाजता येणार. संग्रहालय साडेदहाला उघडतं. आत्याला साडेदहाला तळमजल्यावरच्या जुन्या काशाच्या मूर्ती दाखवायच्या आणि अकराला एसटीकडे पाठवून द्यायचं. कोणी बघायच्या आत. मी हो म्हणालो.

ती वेळेआधीच पायऱ्यांवर बसलेली होती. नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले ब्रश. मला बघून उठली आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. मी आधी आजूबाजूला कोणी आहे का ते बघितलं.

जुन्या मूर्तींत ती रमली. एका पार्वतीसमोर उभं राहून म्हणाली, "हा हात शिकलेला आहे. पण घाईत होता." मला हसू आलं. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला पेणच्या बाईनं घाईत पकडलं होतं.

"चल आता, गाडी चुकेल तुझी," मी म्हणालो.

"वर काय आहे?"

"काही नाही. नव्या लोकांचं आहे. तुला नाही कळायचं."

"मलाच नाही कळायचं तर तू सांग की. तू शिकतोस ना?" असं म्हणून ती जिना चढायलाही लागली.

तिचे गुडघे दुखायचे, पण त्या दिवशी तिला थांबवणं मला जमलं नाही. मिठाच्या ढिगापाशी ती थांबली. "ओल लागली आहे मिठाला," एवढंच म्हणाली आणि पुढे गेली. तिच्या एका वाक्याइतका चांगला प्रतिसाद चौदा वह्यांत मिळून नव्हता, हे आज लिहिताना कळतंय. तेव्हा मी फक्त घड्याळ बघत होतो.

मग ती त्या दालनाच्या दारात पोचली.

ती आत गेली नाही. उंबऱ्यावर उभी राहिली आणि पदर डोक्यावर घेतला. मी मागे होतो, मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

"ह्या आपल्याकडच्या आहेत," ती म्हणाली.

"नाहीत गं. असतील कुठल्या तरी."

"नंदू, हनुवटी बघ."

मी पाटीकडे बघितलं.

"तुला ठाऊक होतं?"

"बाबांनी दिल्या. ते... कोरेच हवे होते त्यांना. आता ही कला आहे आत्या. डोळे नाहीत हाच त्याचा अर्थ आहे."

"अर्थ कुणाचा?"

"कलाकाराचा."

"ती कुठाय?"

"इथे नसते ती."

आत्यानं मान डोलावली, एखाद्या खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसला की डोलवायची तशी. कलाकार बाईंबद्दल माझंही मत फार वेगळं नव्हतं. साचा पणजोबांचा, शाडू आमचा, घाम बाबांचा, आणि डोळे काढू नका एवढंच सांगून बाईंनी पाटीवर नाव लावलं. आयत्या बिळावर नागोबा. पण मला त्याच बिळात एक कोपरा हवा होता, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

आत्यानं पिशवी दाराशी ठेवली. पिशवीत ब्रश होते आणि क्षणभर मला भीती वाटली की ही आता आखणीलाच बसते. पण ती उपाशी नव्हती, सकाळी गाडीत चहा घेतलेला. नियमात बसत नव्हतं. ती पहिल्या रांगेपाशी गेली, पहिल्या मुखवट्याला दोन्ही हातांनी कानांपाशी धरलं आणि अलगद भिंतीकडे वळवलं. सळीवर तो सहज फिरला. मग दुसरा.

"आत्या, काय करतेस? हात लावायचा नसतो."

"लावत कुठे आहे? फिरवतेय."

"माझी वही आहे आज. माझं सगळं त्यावर आहे. मॅडम येतील."

"येऊ देत. तुझ्या मॅडमना माहेर असेल, गौर बसत असेल." तिनं तिसरा फिरवला.

कोपऱ्यात स्टुलावर पहारेकरी बसला होता. आम्हां विद्यार्थ्यांची सावली पाटीवर पडली तरी खेकसणारा माणूस. तो उठून आला.

"बाई, माझी नोकरी जाईल."

"तू तिकडे बघ," आत्या शांतपणे म्हणाली.

त्यानं त्या कोऱ्या तोंडांकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि खरोखरच खिडकीकडे वळला. मुखवट्याच्या गालावर तिचा हात होता आणि ती पुटपुटत होती. मला ते शब्द लहानपणापासून पाठ होते. "थांब गं बाई. थांब जरा. होईल."

अकरावा मुखवटा वळला तेव्हा जिन्यावर मॅडमचा आवाज आला. मी घड्याळ बघितलं, सव्वाअकरा. त्या लवकर आल्या होत्या. त्यांच्याबरोबर केतकी होती, छातीशी वही धरून.

मॅडम दारातच थांबल्या. "हे काय चाललंय?"

आत्यानं हात खाली घेतले. पहारेकरी खिडकीतून बाहेर बघत राहिला. मॅडमनी रांगेकडे बघितलं, आत्याच्या नऊवारीकडे, दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे, आणि मग माझ्याकडे.

"नारकर, या तुझ्याबरोबर आहेत का?"

उत्तर द्यायला मला किती वेळ लागला, हे मी नंतर अनेकदा मोजायचा प्रयत्न केला आहे. वेळ लागलाच नाही, हेच खरं.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "खाली भेटल्या. वाट विचारत होत्या."

आत्या माझ्याकडे बघत होती. तीस वर्षं तांदळाएवढं बुबुळ नेमक्या जागी बसवणारे डोळे होते ते. त्यांत राग नव्हता. राग असता तर मला पुढची वर्षं सोपी गेली असती. तिनं मला एकदा नीट निरखलं, कुठे सरकलं ते शोधावं तसं, आणि पदर सावरला.

"खरं आहे बाई," ती मॅडमना म्हणाली. "मी गावाकडची. चुकून वर आले. चुकलं असेल तर माफ करा."

"पण तुम्ही हे का फिरवलेत?" मॅडमच्या आवाजात आता राग कमी आणि कुतूहल जास्त होतं.

"नाही सांगता यायचं मला."

तिनं पिशवी उचलली. माझ्यासमोरून जाताना थांबली आणि किंचित वाकून म्हणाली, "उपकार झाले हो. तुम्ही वाट दाखवलीत."

आणि जिना उतरायला लागली. एकेक पायरी, कठड्याला धरून. मी जागचा हललो नाही. केतकीनं मात्र तिची वही माझ्या हातात कोंबली, "बाराच्या आत दे मॅडमना," म्हणाली आणि तिच्यामागे धावली. ऊठसूट रडणाऱ्या त्या मुलीनं माझ्या आत्याला टॅक्सीत घातलं, मुंबई सेंट्रलला नेलं, पेणच्या गाडीत खिडकीपाशी बसवलं आणि पाण्याची बाटली घेऊन दिली. हे मला तिनंच नंतर सांगितलं. "आजी फार गोड होत्या. कुणाबद्दल काही बोलल्या नाहीत," असंही म्हणाली.

मॅडम मात्र दालनाच्या मधोमध उभ्या होत्या. एकोणतीस कोरी तोंडं त्यांच्याकडे बघत होती आणि अकरांनी त्यांच्याकडे पाठ केली होती. मॅडम हळूहळू रांगांमधून फिरल्या. मुखवटा पाठीमागून पोकळ असतो. त्या पोकळीत शाडू थापणाऱ्या बोटांचे ठसे तसेच राहतात. माझ्या बाबांची बोटं होती ती. मॅडमनी चष्मा लावून ती बोटं बघितली.

"का केलं असेल रे त्यांनी?" त्या म्हणाल्या. "इतकं साधं, आणि इतकं... मला कळलं तर फार बरं होईल."

दालनात ते सांगू शकणारा एकच माणूस होता.

"मॅडम, मला बारापर्यंत वेळ आहे ना?" मी विचारलं.

जिन्याच्या ज्या पायऱ्या ती नुकतीच उतरली होती, त्यांवरच बसून मी विसावा प्रतिसाद लिहिला. पाककृतीची गरज पडली नाही. लिहिलं की ज्याला अजून दिसत नाही त्याच्याकडे टक लावून बघणं ही चोरी आहे. आंधळ्याच्या घरात शिरल्यासारखं आहे. लिहिलं की डोळे उघडेपर्यंत तोंड भिंतीकडे असावं, कारण न पाहणाऱ्याचीही एक लाज असते आणि ती आपण राखायची असते. लिहिलं की थांब, होईल, असं त्या चेहऱ्यांना सांगणारं कोणीतरी हवं होतं. सगळं खरं होतं. एकही शब्द माझा नव्हता. 'एका अनोळखी स्त्रीच्या कृतीवरून मला सुचलेले विचार' असं मी वर लिहिलं. अनाम कारागीर लिहिणाऱ्या बलसाराबाईंना मी दोन दिवस नावं ठेवली होती. त्यांचा नागोबा निदान दुसऱ्याच्या बिळात शिरला होता, माझा तर आपल्याच घरात.

बाराला पाच कमी असताना मी दोन्ही वह्या मॅडमच्या हातात दिल्या. केतकीचं विसावं पान मी जाताना चाळलं होतं. तिनं एवढंच लिहिलं होतं: 'या कामाबद्दल मला अजून काही कळलं नाही. खोटं लिहायचं नाही म्हणून पान सोडते आहे.'

पहारेकऱ्याला दोन दिवस कामावर घेतलं नाही. मी मॅडमना सांगू शकलो असतो की तो पाणी प्यायला गेला होता. नाही सांगितलं. पुढे त्याच इमारतीत आम्ही नऊ वर्षं एका दारातून आत जात होतो. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "नाक अगदी सारखं आहे हं, तुमचं नि बाईंचं." त्यानंतर त्यानं माझ्याशी कामापुरतंही बोलणं केलं नाही.

जागा अर्थात मला मिळाली. विसावा प्रतिसाद संग्रहालयाच्या पुस्तिकेत छापला गेला. बलसाराबाईंना तो इतका आवडला की पुढच्या प्रदर्शनात त्यांनी चाळीसच्या चाळीस मुखवटे भिंतीकडे वळवले आणि पाटीवर नवं वर्ष घातलं. त्या उद्घाटनाला लोकांनी हातातल्या पेल्यांसकट मुखवट्यांच्या पाठींकडे बघत माना डोलावल्या. एक गृहस्थ मला म्हणाले, "किती भारतीय आहे हे." मी त्यांना म्हणालो, हो, फारच. आज मी तिथला क्युरेटर आहे. दर गुरुवारी पोरं वह्या घेऊन येतात, आणि वर्णन नको, प्रतिसाद हवा, असं मी त्यांना सांगतो. ती लिहितात ते मी वाचतो. पोकळी, मौन, हरवलेपण. मला त्यांचा राग येत नाही. तेवढा अधिकार मला राहिलेला नाही.

त्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी मी पेणला गेलो. आत्यानं घरी कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. बाबांनी साऱ्या आळीला सांगितलं होतं की पोरगं मुंबईत मोठ्या जागेवर लागलं. ओटीवर पानं मांडली होती. समोर गौर उभी होती, खळीवाली, आत्याच्या हातचे डोळे असलेली, आणि ती थेट माझ्याकडे बघत होती. आखणी झालेल्या तोंडाला कुठे वळवायचं, याचा नियम आमच्याकडे नाही.

आत्या वाढायला आली. माझ्या पानापाशी वाकली.

"पुरणपोळी घ्या. तूप हवं का तुम्हांला?"

मग बाबा मोठ्यानं हसले. "काय गं वेणू, पोराला अहोजाहो? साहेब झाला म्हणून?"

"मुंबईची मोठी माणसं ती," आत्या म्हणाली आणि पोळीवर तुपाची धार धरली. सगळे हसले. आईच्या डोळ्यांत तर कौतुकानं पाणी आलं. ही आत्या, जिनं मला अंगाखांद्यावर खेळवलं, नाक पुसलं, ती भाच्याला मान देते आहे, म्हणून घरादाराला धन्य वाटत होतं.

जेवण झाल्यावर मी तिला मागच्या पडवीत गाठलं. ती ब्रश धूत होती. "आत्या, मी चुकलो," मी म्हणालो. "मला मार, शिव्या दे, पण असं बोलू नकोस."

तिनं ब्रश ओठांवरून फिरवून टोक जुळवलं आणि फळीवर ठेवला.

"बसा ना," ती म्हणाली. "उभे का तुम्ही?"

ती त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. माझं लग्न तिनं पुढं होऊन केलं, माझ्या मुलीच्या बारशाला पाळणा तिनं म्हटला, माझ्यासाठी दर दिवाळीला अनारसे पाठवले. माझ्यावर राग धरला, असं तिच्याबद्दल कोणालाही म्हणता येणार नाही. पण नंदू ही हाक त्या जिन्याच्या वर राहिली ती राहिलीच. शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी रात्री बसलो, तिचे पाय चेपले, तिला चमच्यानं पाणी पाजलं. ती दर वेळी डोळे उघडून म्हणायची, "त्रास झाला हो तुम्हांला."

आणि मग कूस बदलून भिंतीकडे तोंड करायची.